गोदाकिरण इमारतीचे भारकेंद्र

आमच्या गोदाकिरण सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या फाटकावर महानगरपालिकेने बसविलेला दिवा श्रावणाच्या आरंभी पिवळ्याचा तांबडा झाला आणि त्याच दुपारी दोन कर्मचारी येऊन लिफ्टच्या दाराला सील ठोकून गेले. मी त्या वेळी चौथ्या मजल्यावरील माझ्या घरात एका मिक्सरच्या मोटरचे कार्बन ब्रश बदलीत बसलो होतो. खाली गलका झाला. माझी पत्नी कावेरी गॅलरीतून डोकावली आणि मागे न वळताच म्हणाली, "अहो, बंद केली."

"काय बंद केली?"

"लिफ्ट. आता तुमचं कसं?"

माझे नाव निवृत्ती खैरनार. त्या दिवशी माझे वजन एकशे एकेचाळीस किलो होते. गुडघ्यांतील कूर्चा झिजून गेली होती. जिना उतरणे मला कसेबसे साधत असे. परंतु उतरलेला जिना पुन्हा चढणे माझ्या शक्तीबाहेरचे होते. म्हणूनच मिक्सर, पंखे, इस्त्र्या यांच्या दुरुस्तीचे माझे दुकान मी केव्हाच घरात आणले होते. लिफ्ट हाच माझा रस्ता होता. ती बंद झाली आणि नाशिक शहर माझ्यापुरते गॅलरीच्या कठड्याशी संपले.

त्या दिव्याविषयी प्रथम सांगणे अवश्य आहे.

मेद म्हणजे पोत्यात भरून ठेवलेले तेल, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः मेदाची प्रत्येक पेशी जिवंत असते व रक्तामध्ये संदेश सोडीत असते. ती प्रमाणाबाहेर फुगली म्हणजे तिला प्राणवायू अपुरा पडतो, ती गुदमरते, आणि शरीराच्या संरक्षक पेशी तिच्याभोवती जमून तेथे एक मंद दाह सुरू होतो. हा दाह तापासारखा अंगावर येत नाही. माणूस हसतो, खेळतो, कामावर जातो, आणि आत राख साठत जाते. विशेषतः आतड्यांच्या भोवती साठलेला मेद या बाबतीत फार घातक. त्याचे संदेश थेट यकृताकडे जातात. यकृत आणि स्नायू इन्सुलिनचे सांगणे मानीनासे होतात. स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन ओतून अखेरीस थकते. मग साखर, मग रक्तदाब, मग मूत्रपिंडे, मग हृदय, असा तो प्रवास असतो.

या दाहाची काही सूक्ष्म प्रथिने मूत्रावाटे बाहेर पडतात. ती सांडपाण्यातही ओळखू शकणारी एक पेटी शास्त्रज्ञांनी सिद्ध केली. इमारतीचे सांडपाणी ज्या चेंबरमध्ये एकत्र येते तेथे ती पेटी बसवावयाची. ती अहोरात्र पाणी चाखते व दर तीन महिन्यांनी संपूर्ण इमारतीचा मिळून एक आकडा सांगते. पुढील दहा वर्षांत त्या इमारतीतून मधुमेहाचे, हृदयविकाराचे, मूत्रपिंडाचे किती रुग्ण निघतील, याचे ते भाकीत असते. कोणाच्या घरातून किती दाह आला हे मात्र ती सांगू शकत नाही. कायद्यानेच तिला ते वर्ज्य आहे. शहरातील डायलिसिस केंद्रे ओसंडून वाहू लागल्यावर पालिकेने प्रत्येक इमारतीखाली अशी पेटी पुरली. लोक तिला गटारवैद्य म्हणत.

आकडा मर्यादेबाहेर गेला की फाटकावरील दिवा तांबडा होई. दिवा तांबडा झाला की लिफ्ट बंद, आणि तयार जेवणाची पार्सले फाटकावरूनच परत. माणसे चढली-उतरली व घरचे जेवली तर मेद आपोआप झडेल, असा त्यामागील विचार होता. लागोपाठ दोनदा तांबडा आला तर इमारतीने दोहोंपैकी एक मार्ग निवडावयाचा. एक तर प्रत्येक घराने पालिकेच्या तपासनिसासाठी आपले स्वयंपाकघर उघडे करावयाचे आणि प्रत्येक रहिवाशाने दर आठवड्याला काट्यावर उभे राहावयाचे. किंवा मग इमारतीने आपल्यातील एका व्यक्तीला भारकेंद्र म्हणून घोषित करावयाचे. त्या व्यक्तीची रवानगी शहराबाहेरील मेदशमन निवासात होत असे. वजन ठरलेल्या मर्यादेखाली येईपर्यंत तेथून सुटका नसे. मोबदल्यात इमारतीची लिफ्ट सुरू होई व वर्षभर दिव्यापासून मुक्ती मिळे.

माझ्या उंचीच्या पुरुषाला ती मर्यादा ब्याऐंशी किलोची होती. तेथे गेलेला कोणी परत आल्याचे आमच्या भागात अद्याप ऐकिवात नव्हते.

*

संस्थेची तातडीची सभा भरली ती माझ्या दारासमोर. मला खाली जाता येत नाही म्हणून सर्वांनी वर यावे, असे अध्यक्ष पिंगळे साहेबांनी ठरविले होते. माणसे जिन्याच्या पायऱ्यांवर वर आणि खाली दाटीवाटीने बसली. मधल्या सपाटीवर, माझ्या उंबरठ्यात, लोखंडी खुर्चीवर मी. सभा सुरू होण्याआधीच सर्वांच्या नजरा माझ्यापाशी येऊन थांबल्या होत्या.

"खैरनार भाऊ, राग मानू नका," दुसऱ्या मजल्यावरील मोबाईलवाला सोनजे म्हणाला, "पण तुम्ही बाथरूमचा नळ सोडला की खाली गटारवैद्य म्हणे शिट्टी मारतो."

जिनाभर हशा उसळला. मीही हसलो. जाड माणसाने प्रथम हसावे लागते, अन्यथा लोकांना अवघडल्यासारखे होते.

"सोनजे, तुझं पोट बघ आधी," कावेरी आतून कडाडली.

"वहिनी, हे पोट नाही, हा व्याप आहे!"

पुन्हा हशा. पिंगळे साहेब बँकेतून निवृत्त झालेले, सज्जन गृहस्थ. त्यांनी हात वर करून सर्वांना शांत केले. "चेष्टा पुरे. डबीर नानांचा विचार करा. आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिसला न्यावं लागतं. लिफ्टशिवाय कसं नेणार?"

डबीर नाना माझ्या शेजारच्या दारात उभे होते. हातपाय काटकुळे, अंगावर सदरा लोंबणारा. परंतु त्या सदऱ्याआड एक छोटेसे गोल पोट जन्मभर होते. वैद्यकीय सवलत मिळावी म्हणून त्यांचा अर्ज पालिकेत गेलाच होता. 'प्रक्रियेत आहे' एवढेच उत्तर येत होते.

त्यानंतर पिंगळे वहिनींनी तो ठराव मांडला. "पुढच्या तीन महिन्यांत दिवा हिरवा करायचा असेल तर सगळ्या इमारतीने उपवास धरायचा. सोमवार, गुरुवार, शनिवार. दोन्ही एकादश्या, चतुर्थी. नवरात्र अखंड. श्रावण लागलाच आहे, देवाचंही होईल आणि देहाचंही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढ्या एकमताने त्या संस्थेत यापूर्वी पाण्याच्या टाकीचाही ठराव झाला नव्हता.

"आणि खैरनार?" कोणीतरी विचारले.

माझ्या साखरेच्या गोळ्या चालू होत्या. मला उपाशी राहण्याची डॉक्टरांची मनाई होती. तेव्हा असे ठरले की, माझे दोन्ही वेळचे जेवण पाळीपाळीने एकेका घरातून यावे. एक ज्वारीची भाकरी, मुगाचे वरण, पालेभाजी. कावेरीने माझ्यासाठी चूल पेटवावयाची नाही.

"मी काय विष घालते का त्यांना?" कावेरीने विचारले.

"तसं नाही हो," पिंगळे वहिनी मृदू स्वरात म्हणाल्या. "तुमचं मन मऊ आहे. तुमच्याच्यानं हात आखडता घेववणार नाही."

कावेरीने माझ्याकडे पाहिले. मी होकारार्थी मान हलविली. एकतीस वर्षांच्या संसारात माझ्या ताटावरील तिचा अधिकार मी अशा रीतीने, तिला न विचारता, चाळीस घरांना देऊन टाकला.

*

श्रावण, भाद्रपद, आश्विन हे तीन महिने मी चार भिंतींमध्ये काढले. डबा येई, त्यावर पाठविणाऱ्या घराची चिठ्ठी असे. मी जेवीत असताना पुष्कळदा डबा आणणारी गृहिणी समोर बसून राही. तिला ते काम सांगितलेले होते. ती अवघडून विचारी, "भाऊ, बरं लागतंय ना?" आणि मी अवघडून म्हणे, "उत्तम आहे." कावेरी त्या वेळी स्वयंपाकघराचे दार लोटून घेई. ती काय जेवते ते मला दिसू नये म्हणून. आम्ही दोघे एका घरात असूनही एका पंगतीला राहिलो नव्हतो.

उपवासाच्या दिवशी सकाळी जिन्यातून सुगंधाचा लोट वर येत असे. साजूक तुपात जिऱ्याची फोडणी पडल्याचा चर्र आवाज, तळलेल्या साबुदाणा वड्यांचा वास, भाजलेल्या दाण्यांचा वास, गुळाच्या पाकाचा वास. प्रत्येक मजला आपापला वास त्यात मिसळी आणि चौथ्या मजल्यावर त्या सर्वांची बेरीज होई. खिडक्या लावल्या तरी तो वास दाराच्या फटीतून आत येई. मी डोळे मिटून मिक्सर उघडीत बसे.

आणि मिक्सर तर रांगेने येऊ लागले होते. एरवी महिन्याला चार-पाच मिक्सर जळालेले येतात. त्या श्रावणात माझे टेबल भरून ते जमिनीवर मांडावे लागले. सगळ्यांचे दुखणे एकच. भांडे उलटे करून पाते सोडविले की खाली शेंगदाण्यांचा तेलकट लगदा घट्ट बसलेला. भाजलेले दाणे फार वेळ फिरविले की तेल सोडतात, पाते अडते, मोटर तापते आणि जळते.

सोनजे त्याचा मिक्सर घेऊन आला तेव्हा मी न राहवून विचारले, "काय वाटता हो एवढं?"

"उपवास नाही का आपला!" तो दारालाच टेकून धापा टाकीत म्हणाला. "दाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, बटाट्याचा कीस. दुपारी भूक लागली तर दाण्याचे लाडू. पोरं म्हणतात, पप्पा, रोजच धरा उपवास."

"आणि उपवास सुटल्यावर?"

"सुटल्यावर जेवायला नको? दिवसभर उपाशी असतो की माणूस!"

हे तो थट्टेने म्हणाला नाही. खरोखरच त्याची तशी भावना होती. जे उपवासाला चालते ते खाल्ले असता खाल्ल्यात जमा होत नाही, अशी एक श्रद्धा आपल्या रक्तात भिनलेली आहे. मीही जन्मभर तीच बाळगली होती. परंतु आता मी त्या पंगतीतून बाहेर काढलेला माणूस होतो, आणि बाहेरून ती पंगत मला स्पष्ट दिसत होती.

मी त्याला म्हणालो, "सोनजे, अशानं दिवा उतरायचा नाही."

त्याने माझ्या देहावरून एक नजर फिरविली आणि हसून म्हणाला, "भाऊ, हे तुम्ही सांगावं?"

*

कार्तिकात दिवा पुन्हा तांबडाच आला. आकडा आधीपेक्षा वाढलेला होता.

सभा पूर्ववत माझ्या दारात भरली. या वेळी हशा नव्हता. पिंगळे साहेबांनी काटा आणविला होता. मी त्यावर उभा राहिलो. एकशे चोवीस. माझी विजार कमरेला सुतळीने बांधलेली होती, ती सर्वांना दिसत होती.

"सतरा किलो उतरले," कावेरी म्हणाली. "अजून काय उतरवू यांचं?"

मग वरच्या पायऱ्यांवरून एक आवाज आला, "काट्याला फसवता येतं. गटारवैद्याला नाही."

"चोरून खात असतील."

"कुठून खाणार? घरात शेंगदाणा नाही माझ्या!" कावेरी ओरडली.

तेव्हा मी काट्यावरून उतरलो आणि मिक्सरांविषयी जे पाहिले होते ते सांगितले. मी कोणाचे नाव घेतले नाही. एवढेच म्हणालो की, आपण सर्वांनी मिळून जे उपवास केले, त्यांत आपले पोट पूर्वीपेक्षा अधिक भरत आहे.

मी चूक केली. पिंगळे वहिनींचा चेहरा पडला. पाचव्या मजल्यावरील एक वृद्धा म्हणाली, "म्हणजे आमच्या नवरात्राला नावं ठेवतोस होय रे?" आणि क्षणार्धात तो मेदाचा प्रश्न राहिला नाही. माझे पुढचे वाक्य कोणाच्याही कानी पोहोचले नाही.

पालिकेच्या आरोग्य अधिकारी डॉक्टर शर्वरी ओझरकर त्या सभेस नियमानुसार हजर होत्या. सडपातळ, तरुण, चष्मा सारखा वर सारणाऱ्या. त्या उठून उभ्या राहिल्या.

"खैरनार सांगताहेत ते बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मला एक सांगा. एका माणसाचे जास्तीचे पन्नास किलो, आणि या इमारतीतल्या दीडशे माणसांचे जास्तीचे प्रत्येकी पाच-पाच किलो. यात जड काय?"

पिंगळे साहेब बँकेतले. त्यांचे ओठ हलले; त्यांनी गुणाकार केला असावा.

"खैरनारांना स्वतःला धोका सगळ्यांत जास्त आहे, हे मी नाकारत नाही. त्यांचं वजन उतरायलाच हवं. पण आमच्या दवाखान्यात जे रुग्ण येतात त्यांतले बहुतेक खैरनारांसारखे दिसत नाहीत. तुमच्यासारखे दिसतात. पट्ट्याचं एक भोक पुढे सरकलेलं, एवढंच. अशा प्रत्येकाला धोका थोडासाच वाढतो. पण अशी माणसं पुष्कळ, म्हणून रोगीही त्यांच्यातूनच पुष्कळ निघतात. डबीर नानांकडे बघा. त्यांना कोणी कधी जाड म्हटलं? त्यांचा मेद आत, आतड्यांभोवती होता. त्यानं त्यांची मूत्रपिंडं नेली."

नानांनी दारातून मान हलविली, जणू काही दुसऱ्याच कोणाविषयी बोलणे चालले आहे.

"एका माणसाला पाठवून आकडा फारसा हलायचा नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पहिला मार्ग घ्या. सगळी घरं मिळून. मी स्वतः येईन दर आठवड्याला."

सर्वांनी अत्यंत लक्षपूर्वक ऐकले. कित्येकांनी माना डोलावल्या. मला वाटले, आता हा गळफास सुटला.

मग सोनजेने विचारले, "मॅडम, तपासनीस म्हणजे घरात येऊन डबे उघडणार?"

"हो."

"आणि बायकांना पण काट्यावर उभं करणार? सगळ्यांसमोर?"

"सर्वांसमोर नाही. पण उभं राहावं लागेल."

"आणि दुसरा मार्ग घेतला तर वर्षभर काहीच नाही? लिफ्ट उद्या चालू?"

डॉक्टरांनी चष्मा वर सारला. "नियम तसा आहे," त्या हळूच म्हणाल्या. "मी तो केलेला नाही."

मला भारकेंद्र ठरविण्याच्या बाजूने हात वर करण्यास सांगण्यात आले. मी वर पाहिले, खाली पाहिले. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर हात होते. कोणाच्याही डोळ्यांत द्वेष नव्हता. मला डबा आणून देणाऱ्या बायकांचे हात होते, माझ्याकडून फुकट पंखे दुरुस्त करून नेणाऱ्यांचे होते, आणि सर्वांत हळू, कोपरापासून अर्धाच वर आलेला हात पिंगळे साहेबांचा होता. त्यांचे ओठ अजून हलत होते. त्या लोकांना डॉक्टरांचे म्हणणे पटले होते. परंतु दीडशे माणसांना बाहेर पाठविता येत नाही आणि एकाला येते, एवढा साधा हिशेब त्यांनी केला.

एकच अडचण उरली. भारकेंद्राच्या जवळच्या नातलगाचा अंगठा पालिकेच्या संमती नोंदविणाऱ्या पाटीवर उमटल्याशिवाय त्याला नेता येत नसे. मूलबाळ आम्हाला नव्हते. म्हणजे तो अंगठा कावेरीचा होता.

"नाही," कावेरी म्हणाली, आणि दार लावून घेतले.

*

त्यानंतर आमच्यावर कोणी बहिष्कार टाकला नाही. उलट माणसे रोज येऊ लागली. संध्याकाळी एखादी शेजारीण येई, कावेरीजवळ बसे, तिचा हात हातात घेई. "वहिनी, आम्हाला काय आनंद आहे का? पण निवासात डॉक्टर आहेत, व्यायाम आहे. भाऊंचं आयुष्य वाढेल." बोलता बोलता तिचेही डोळे भरत. ते अश्रू खरे होते. त्यामुळेच त्यांच्यापासून सुटका नव्हती. शिव्या दिल्या असत्या तर कावेरीने दुपटीने परत केल्या असत्या.

"तुमचं म्हणणं काय?" एके दुपारी तिने मला विचारले.

"देऊन टाक अंगठा," मी म्हणालो. "नानांना खुर्चीत घालून नेतात. पाहवत नाही."

"मनापासून म्हणताय?"

"मनापासून."

मी तोंडाने दे म्हणत होतो; परंतु तिने देऊ नये, कधीही देऊ नये, हीच माझी इच्छा होती, आणि ती तिने ओळखली नाही असे मी म्हणू शकत नाही.

"मग नाही देत," ती म्हणाली.

मार्गशीर्षात एका सकाळी चार तरुण नानांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खाली नेत होते. आमच्या दारासमोरच्या वळणावर एकाचा पाय निसटला. खुर्ची भिंतीवर आपटली. नाना पडले नाहीत, परंतु डायलिसिसची सुई टोचण्यासाठी ज्या हातातील शीर जोडून घेतलेली असते तो त्यांचा हात भिंतीवर घासला आणि रक्त वाहू लागले. कावेरीने धावत जाऊन आपला पदर त्यावर दाबून धरला. नाना तिच्याकडे पाहून म्हणाले, "पोरी, सांग यांना, मला परत वर न्या. मला नको आता तिकडे जायला. रोज चार पोरांच्या कमरा मोडायच्या, त्यापेक्षा घरी बरा."

"असं बोलू नका, नाना."

"बोलू नको तर काय करू?"

त्यांना तसेच नेले गेले. कावेरी आत आली. पदरावरील डाग न धुता ती गॅसपाशी उभी राहिली. गॅस पेटलेला नव्हता.

"उद्या मॅडमना बोलावते," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

"बरं," मी म्हणालो.

तिने मागे वळून पाहावे म्हणून मी थोडा वेळ थांबलो. ती वळली नाही. मी माझ्या टेबलाकडे गेलो आणि एक स्क्रू हातात घेऊन तो कोणत्या यंत्राचा आहे ते आठवू लागलो.

*

निघण्याचा दिवस चतुर्थीचा होता. निवासाची गाडी फाटकाशी उभी होती. मी गेल्यावरच लिफ्टचे सील निघणार होते. मी कठड्याला धरून पहिली पायरी उतरलो. मागे कावेरी माझी पिशवी घेऊन. मी कित्येक महिन्यांत त्या जिन्यावर पाऊल टाकले नव्हते आणि हे उतरणे परत चढण्याचे नाही, हे माझ्या गुडघ्यांनाही कळले असावे. ते फार संथ चालत होते.

नानांच्या सूनबाई दारातच थांबलेल्या होत्या. त्यांनी माझ्या तळहातावर दही-साखर ठेवले. घराबाहेर दूर निघालेल्याला तसेच कोरडे पाठवू नये, ही आपली रीत. मी ते तोंडात घातले. तिसऱ्या मजल्यावर चार दारे उघडी होती. चारही दारांत दही-साखर, आणि एका दारात खोबऱ्याची वडी. "भाऊ, एवढी घ्याच, तिकडे कोण देणार?" ती बाई ओठ दातांखाली दाबून उभी होती. मी वडी घेतली. दुसऱ्या मजल्यावर सोनजेच्या आईने बेसनाचा लाडू माझ्या तोंडातच घातला. पहिल्या मजल्यावर राजगिऱ्याची चिक्की, शिरा, पुन्हा दही, पुन्हा साखर. मला पाठविणारे सर्व हात मला भरवीत होते. नाही म्हणणे म्हणजे त्यांचा अपमान होता, आणि मी कोणाचा अपमान करून निघू इच्छीत नव्हतो. श्रावणापासून ज्वारीवर राहिलेले माझे पोट त्या चार मजल्यांत तट्ट फुगले.

"अहो, नाही म्हणा की एकदा तरी," कावेरी मागून कुजबुजली.

फाटकाशी बरीच माणसे जमली होती. पिंगळे साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. पिंगळे वहिनी डबा उघडून पुढे आल्या. आत तुपाने चकाकणारे दाण्याचे लाडू होते.

"चतुर्थी आहे ना आज," त्या म्हणाल्या. "उपवासाला चालतात. एक घ्या."

मी त्या लाडवाकडे पाहिले. ते कोणत्या मिक्सरवर वाटले गेले होते तेही मला ठाऊक होते.

"नको, वहिनी."

"असं काय करता! एवढासा आहे."

"नको."

त्या गोंधळल्या. मी त्यांना कधी, कशालाही, नको म्हटलेले नव्हते. लाडू धरलेला त्यांचा हात तसाच मध्ये राहिला. मग त्यांनी तो मोडला. अर्धा आपल्या तोंडात टाकला, अर्धा साहेबांच्या हातावर ठेवला. "वाया कशाला घालवायचा," त्या पुटपुटल्या. साहेबांनी डोळे पुसत तो खाल्ला. शेजारून सोनजेने हात पुढे केला, आणि डबा एका हातातून दुसऱ्या हातात जात फाटकाभोवती फिरू लागला. माणसे मला निरोप देण्यासाठी उभी होती, उभ्या उभ्या चावीत होती, आणि त्यांच्यापैकी एकालाही आपण काही खातो आहोत याचे भान नव्हते.

मी गाडीत बसलो. चालकाने दार बाहेरून लावले व कडी घातली. खिडकीला जाळी होती. कावेरी त्या जाळीपाशी आली. तिला काही निराळे सांगावयाचे असावे. तिचे ओठ दोनदा हलले. अखेरीस एकतीस वर्षे मी बाहेर निघताना ती जे म्हणत आली तेच तिच्या मुखातून निघाले.

"जेवणाची हयगय करू नका," ती म्हणाली.

ती स्वतःच दचकली आणि तिने तोंडावर हात ठेवला. मी जाळीतून तिच्याकडे पाहिले आणि बरं म्हणालो.